दारात उभे राहणारे मोतीराम नाना

मोतीराम नानांनी माझं जे नुकसान केलं ते मी विसरलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहिल्या तर प्रल्हाद वयाने मऊ पडला असं कुणाला वाटायला नको.

जळगावात माझं नेटवर्किंगचं दुकान आहे. सुरुवातीला दुसऱ्याच्या हाताखाली भिंतींना भोकं पाडून केबल ओढायचो. आज दालमिल, सराफांच्या पेढ्या, पाईपचे कारखाने, शाळा अशी पन्नास ठिकाणची कामं माझ्याकडे आहेत. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही. भांडून, घासाघीस करून, वेळेला टेबलावर हात आपटून मी इथवर आलो. पण या धंद्यातलं खरं शहाणपण मी एकाच माणसाकडून शिकलो, आणि तो माणूस म्हणजे नाना.

नाना मूळचे शिरपूरकडचे, घर धुळ्यात. नोकरी टेलिफोन खात्यात. बोर्डावर पिना खोचून या गावचा फोन त्या गावाला जोडून द्यायचा, त्या काळापासूनचे ऑपरेटर. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. हे कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आजूबाजूला कॉलेजची मुलं. त्या क्लासचं बिघडलेलं नेटवर्क बघायला मी धुळ्याला गेलो होतो. मी टेबलाखाली आडवा पडलेलो, तर वरून आवाज आला, "भाऊ, ही वायर येते कुठून अन् जाते कुठे?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो.

"करायचं काही नही. पण कुठून येते ते कळलं नाही तर मला झोप लागत नाही."

दोन महिन्यांत ते माझ्याबरोबर कामावर यायला लागले. पगाराचं विचारलं तर म्हणाले, "बसचं भाडं दे, अन् शिकू दे." सहा महिन्यांत मी त्यांच्याकडून शिकत होतो.

ते फोनवर 'हॅलो' कधी म्हणाले नाहीत. "धुळ्याहून, घरच्या फोनवरून, मोतीराम," अशीच सुरुवात. एवढंच असतं तर खात्याची सवय म्हणून सोडून दिलं असतं. पण समोर आले तरी तेच. माझ्या दुकानाच्या दारात थांबायचे, चौकटीला हात लावायचे आणि म्हणायचे, "स्टँडवरून, चहा पिऊन, मोतीराम." आणि 'या' म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नसत. एकदा मी गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होतो, लक्षच गेलं नाही. पाऊण तास ते उन्हात उभे होते. मी ओरडलो, "अहो, यायचं ना आत!" तर म्हणाले, "तू बोलावलं नही."

दुसरी सवय निरोपाची. नानांकडे दिलेला निरोप जसाच्या तसा पोचायचा. त्यात मीठमिरची नाही, साखरही नाही. फक्त अवघड निरोप असला तर निघण्यापूर्वी विचारायचे, "सांगू?" मग, "असंच?" दोन्हींना हो म्हटलं की संपलं. मी एकदा म्हटलं, "नाना, माणसाने जरा अर्थ बघून बोलावं." ते म्हणाले, "अर्थ ज्याचा त्याने लावायचा. बोर्डावर बसून मी लग्नं जुळताना ऐकली, मोडताना ऐकली. मधे एकदा तोंड घातलं नही. घातलं असतं तर कुणी विश्वासाने फोन लावला असता का?"

याच सवयीतून त्यांनी मला रिले समजावला. आज माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी तोच धडा तसाच देतो.

एका दालमिलच्या शेटजींनी रस्त्यापलीकडे नवं गोडाऊन बांधलं होतं. ऑफिसचं नेटवर्क वेगळं आणि गोडाऊनचं वेगळं ठेवायचं, म्हणजे एकीकडचा गोंधळ दुसरीकडे जाणार नाही, ही माझीच हुशारी. तशी विभागणी केली, मध्ये राउटर बसवला. आणि गोडाऊनमधल्या एकाही कॉम्प्युटरला पत्ता मिळेना. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता लागतो आणि तो वाटणारा सर्व्हर होता ऑफिसात. मी दोन दिवस केबली बदलल्या, स्विच बदलला, माझ्या माणसांना नाही नाही ते बोललो. शेटजी येऊन टोमणा मारून जायचे, "प्रल्हादभाऊ, रस्त्यापलीकडून हमालाने हाक मारली तर मला ऐकू येते. तुमच्या मशीनची येत नाही का?"

शेवटी मी ठरवलं, गोडाऊनला दुसरा सर्व्हर विकायचा. तेवढ्यात नाना सकाळच्या बसने आले. सगळं ऐकून घेतलं आणि मला गोडाऊनमध्ये उभं केलं.

"तू आता कॉम्प्युटर. आत्ताच उठला. तुला पत्ता नाही, अन् पत्ता कोण देतो तेही ठाऊक नही. काय करशील?"

"ओरडेन."

"ओरड मग."

"अहो नाना, हमाल बघताहेत."

"कॉम्प्युटर लाजत नही. ओरड."

मी ओरडलो, "मला पत्ता द्या रे कुणीतरी!" हमाल पोती टाकून हसायला लागले. ऑफिसात बसलेल्या मुनीमजींपर्यंत काहीच गेलं नाही.

"बघ," नाना म्हणाले. "तुझा राउटर म्हणजे ही भिंत. ओरडणं पलीकडे जाऊ द्यायचं नाही, हेच तिचं काम. ती चुकत नाहीये." मग त्यांनी मुनीमजींना सर्व्हर केलं आणि त्यांच्याकडे दोन गठ्ठे दिले. पांढऱ्या चिठ्ठ्यांवर ऑफिसचे पत्ते, पिवळ्यांवर गोडाऊनचे. आणि स्वतः गोडाऊनच्या दारात जाऊन उभे राहिले. "आता परत ओरड. मी दारात आहे. मी ऐकणार. सर्व्हर कुठे बसतो ते मला माहीत आहे, म्हणून मी ओरडणार नही, सरळ त्याच्याकडे जाणार."

मी ओरडलो. नाना रस्ता ओलांडून गेले, मुनीमजींना म्हणाले, "एकाला पत्ता पाहिजे." मुनीमजींनी वरची पांढरी चिठ्ठी काढून दिली. ती घेऊन नाना परत आले.

"हा तर ऑफिसचा पत्ता," मी म्हणालो. "गोडाऊनमध्ये काय कामाचा? मुनीमजी चुकले."

मुनीमजी पाठोपाठ आलेच होते. ते भडकले. "मी कसा चुकलो? मला काय स्वप्न पडलं, मागणी कुठून आली ते?"

नानांनी टाळी वाजवली. "बठ्ठं बरोबर शे! मुनीमजींचं सगळं बरोबर आहे. चूक माझी. मी कोणत्या दारातून आलो ते सांगितलं नही."

मग त्यांनी कागदावर 'गोडाऊनचं दार' असं लिहिलं, त्याखाली माझी मागणी, आणि पुन्हा गेले. या वेळी पिवळी चिठ्ठी आली. उत्तर दारापर्यंत आलं, दारातून माझ्या हातात. "मागणी त्याची, माझं फक्त दार. उत्तर मला नको असतं, पण ते माझ्या हातातूनच जातं. याला रिले म्हणतात," नाना म्हणाले. मग सर्व्हरवर गोडाऊनच्या पत्त्यांची यादी तयार केली, राउटरमध्ये एक ओळ टाकली: मागणी आली की या सर्व्हरकडे पाठव. गोडाऊनमधले सगळे कॉम्प्युटर एकामागून एक जागे झाले.

शेटजींनी विचारलं, "म्हणजे दुसरा सर्व्हर घ्यायला नको?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "नको."

दुकानाकडे परतताना बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ते मात्र खिडकीशी बसून शेंगा खात होते.

माझ्या घरीही त्यांनी रिले चालवला. मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, काही कारणाने चार दिवस बोलत नव्हतो. नाना जेवायला आले होते. मी बैठकीत, ती स्वयंपाकघरात, नाना मधल्या दारात चौकटीला हात लावून.

"बैठकीतून प्रल्हाद सांगतो, भरितात तिखट कमी आहे."

"त्यांना म्हणावं, तिखट जिभेवर आहे तेवढं पुरे."

"स्वयंपाकघरातून सुनंदा सांगते, तिखट जिभेवर आहे तेवढं पुरे."

मी तापलो. "तिला सांगा, एवढं आहे तर माहेरी जा!"

"सांगू?"

"सांगा."

"असंच?"

"असंच!"

नानांनी मान आत वळवली आणि खात्यातल्या आवाजात म्हणाले, "बैठकीतून प्रल्हाद सांगतो, एवढं आहे तर माहेरी जा." आतून सुनंदाचं हसू ऐकू आलं. ती ताट घेऊन बाहेरच आली. म्हणाली, "तुमचा राग नानांच्या तोंडून ऐकला की राग वाटतच नाही. नळपट्टीची नोटीस वाटते."

हे तिचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

आता नुकसानीची गोष्ट.

धुळ्याबाहेर एका कॉलेजचं मोठं काम निघालं. आठ इमारती, प्रत्येकीचं नेटवर्क वेगळं, सर्व्हर एकच, तो ग्रंथालयात. म्हणजे आमचं हातखंडा काम. ते मिळालं असतं तर मी जळगावच्या गल्लीतून उठून थेट मोठ्या पार्ट्यांच्या पंक्तीला बसलो असतो. तीन महिने मी त्या रजिस्ट्रारच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलो. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' 'साहेब जेवताहेत.' नमुना म्हणून वसतिगृहाची एक इमारत आम्ही जोडून दाखवली. मुलांच्या कॉम्प्युटरना ग्रंथालयातून झटक्यात पत्ते मिळाले. साहेबांनी स्वतः येऊन बघितलं, 'वा' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शिपायाकरवी कळवलं, दर चौथाईने कमी करा. बोलणी करायला 'तुमच्या तांत्रिक माणसाला' आत पाठवा. म्हणजे नानांना. मी मालक, मी बाहेर!

कॉलेजच्या आवारात गाड्या लावायच्या शेडखाली मी उभा होतो. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "नाना, जा आणि सांगा त्या साहेबाला. तीन महिने मला बाकावर बसवलंत. एक रुपया कमी होणार नाही. स्वस्त पाहिजे तर कपडे वाळत घालायची दोरी आणा आणि शिपायाकडून ओढून घ्या. मी नेटवर्क विकतो. ज्याला वांगी घ्यायची असतील त्याने बाजारात जावं."

"सांगू?" नाना म्हणाले.

"सांगा."

"असंच?"

"शब्द न् शब्द!"

ते गेले. अर्धा तास गेला. तेवढ्यात माझा राग उतरला. आठ इमारती डोळ्यांपुढे दिसायला लागल्या. माझ्या मनात आलं, नाना काय खरंच तसं बोलणार आहेत? साठी उलटलेला माणूस, सांभाळून घेईल.

ते परत आले, शेडच्या खांबाला हात लावून थांबले. "ऑफिसातून, रजिस्ट्रार साहेबांकडून..."

"थांबा," मी म्हणालो. "तुम्ही तसंच सांगितलंत? वांगी बिंगी सगळं?"

"हो."

मग मी जे बोललो ते इथे सगळं लिहीत नाही. एवढंच लिहितो की मी म्हणालो, "जन्मभर निरोप्या होतात, निरोप्याच राहिलात. स्वतःची अक्कल म्हणून काही आहे की नाही?" माणसं थांबून बघत होती. नानांचा चेहरा हलला नाही. एवढंच म्हणाले, "प्रल्हाद, उत्तर आहे."

"नको मला उत्तर!"

"नको, असं त्यांना कळवू?"

"कुणाला काही कळवू नका. मला काही सांगू नका. माझ्यासमोर येऊ नका."

"बरं," नाना म्हणाले.

मी एकटा जळगावच्या बसमध्ये बसलो. काम नाशिकच्या कुणाला तरी गेल्याचं पुढे कानावर आलं. त्यानंतर सहा वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलो की मोतीराम नानांनी माझं आठ इमारतींचं काम घालवलं.

गेल्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ दुकानात आले. मुलाच्या बंगल्याला कॅमेरे बसवायचे होते. भाव सांगितला तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "प्रल्हाद म्हणजे तुम्हीच का? वांगीवाले?"

तेच ते रजिस्ट्रार. मी खुर्चीतून उठलो. ते हसत म्हणाले, "अहो, इतक्या शांतपणे मला आयुष्यात कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. तुमचा तो म्हातारा दारात उभा राहिला, 'गाड्यांच्या शेडमधून, जळगावचे प्रल्हाद सांगतात' म्हणाला आणि पाढा म्हणावा तसं म्हणून मोकळा झाला. मला हसू आवरेना. म्हटलं, या माणसाला आपल्या कामाची किंमत माहीत आहे. दर तुमचाच ठेवला, शनिवारपर्यंत स्वतः येऊन सही करा म्हणून सांगितलं. तुम्ही आलाच नाहीत. सोमवारी दुसऱ्याला द्यावं लागलं."

मी कॅमेऱ्याचं त्यांना काय सांगितलं आठवत नाही. दुकान माणसांवर सोडलं आणि धुळ्याची बस पकडली. पूर्ण रस्ता मी नानांशी मनात भांडत होतो. माझं नशीब या माणसाने सहा वर्षं खिशात घालून ठेवलं होतं!

नाना ओसरीवर खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. पांढरा शर्ट अंगात सैल झाला होता. राग कितीही असला तरी माझा हात चौकटीला गेलाच. "जळगावहून, प्रल्हाद," मी म्हणालो.

"ये. बस."

मी बसलो नाही. "नाना, तुमच्याकडे उत्तर होतं."

"होतं."

"मग दिलं का नाही?"

"तू नको म्हणाला."

"मी रागात होतो! दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं. पण 'नको' हा शब्द पण शब्दच आहे, भाऊ. आपल्याला पटला नाही म्हणून तो टाकून द्यायचा?"

"सहा वर्षं! एकदा, फक्त एकदा तोंड उघडलं असतं..."

आतून त्यांच्या बायकोने, अक्कांनी, भांडं जोरात खाली ठेवलं. त्या दारात आल्या आणि नानांना म्हणाल्या, "अन् शुक्रवारची गोष्ट? ती पण सांगा ना त्याले."

सांगायची गरजही नव्हती. ती गोष्ट मला ठाऊक होती. आजवर मी ती सुनंदालाही सांगितलेली नाही.

त्या भांडणानंतरच्या शुक्रवारी नाना जळगावला आले होते. माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून बसले होते. मी त्यांना पाहिलं. दुकानातून गिऱ्हाईक बाहेर पडलं की ते मान वर करून माझ्याकडे बघायचे. समोर येऊ नका असं मीच सांगितलेलं, म्हणून रस्ता ओलांडत नव्हते. मी नुसता हात केला असता, नुसतं 'या' म्हटलं असतं, तरी पुरे होतं. बोलावल्याशिवाय ते आत येत नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? वाटलं, माफी मागायला आलेत. बसू दे. मी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. दुपारी अर्धं शटर ओढून मागच्या बाजूने जेवायला निघून गेलो. चारनंतर बघितलं तर बाक रिकामा होता. दुसऱ्या दिवशी शनिवार.

मी ओसरीवर बसलो. अक्कांनी पाणी आणून दिलं.

"नाना," मी म्हणालो, "सांगा."

"काय?"

"उत्तर. त्या दिवशीचं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहिजे?"

"पाहिजे."

खुर्चीचे हात धरून ते उठले. अक्का आधार द्यायला पुढे झाल्या तर त्यांना हातानेच थांबवलं. दाराशी गेले, चौकट धरली आणि त्या खात्यातल्या आवाजात, जरा थरथरत, म्हणाले, "धुळ्याहून, कॉलेजच्या ऑफिसातून, रजिस्ट्रार साहेब सांगतात. दर तुमचाच राहील. शनिवारपर्यंत स्वतः या अन् सही करा. येताना जळगावची भरिताची वांगी आणा, चांगली बघून." मग थोडं थांबले. "हे सांगताना साहेब हसत होते. रागावलेले नव्हते."

वांगी आणायला सांगितलेलं खुद्द साहेबही विसरले होते.

"मिळालं?" नानांनी विचारलं.

"मिळालं," मी म्हणालो.

ते खुर्चीत परत बसले, डोळे मिटले आणि अक्कांना म्हणाले, "चहा टाक. दोघांचा."

मी अजूनही म्हणतो की त्यांनी त्या शुक्रवारी रस्ता ओलांडायला हवा होता. वीस पावलं होती. माणसाने माणसासाठी एवढा नियम मोडावा. हे मी त्यांना चहा पितानाही म्हणालो. ते म्हणाले, "तू पण वीस पावलांवरच होता." मग आम्ही दालमिलच्या मुनीमजींच्या आठवणी काढल्या आणि नाना ठसका लागेपर्यंत हसले.

ती आमची शेवटची भेट. उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला.

त्या दिवशी निघताना ते मला पोचवायला ओसरीच्या पायरीपर्यंत आले होते. गल्लीच्या टोकाशी जाऊन मी मागे वळलो. ते अजून खांबाला धरून उभे होते. मध्ये दोन रिक्षा, भाजीची गाडी, शाळेतून सुटलेली पोरं. शेडखाली मी त्यांना जे बोललो होतो त्याबद्दल दिवसभर काही म्हणायचं होतं, पण घासाघीस करणाऱ्या माणसाला काही शब्द फार जड जातात. तिथून, एवढ्या लांबून, मी म्हणालो, "नाना, चुकलं माझं."

त्यांनी कानाला हात लावला. पुढे वाकून ओरडले, "काय म्हणतो?"

"निघतो!" मी ओरडलो.

त्यांनी हात वर केला.